मैदानाचा निकाल आणि मंडळाचा निकाल

खेळाडूचा न्याय ज्या न्यायासनापुढें होतो, तें मोठें विलक्षण आहे. तेथें वकील नसतो, पुरावा डोळ्यांदेखत घडत असतो, आणि निकाल देणारे हजारों लोक एकमेकांस ओळखतही नसतात. परंतु हा निकाल मैदानाच्या कुंपणाबाहेर कितपत चालतो? मुंबईच्या जातवार क्रिकेट-सामन्यांचा इतिहास या प्रश्नाचें उत्तर देतो. मात्र तें उत्तर सुखावह नाहीं.

पालवणकर बाळू यांचा जन्म 1876 सालीं चर्मकार कुटुंबांत झाला. पुण्यास युरोपियनांच्या क्लबांत मैदानाची निगा राखतां राखतां ते साहेबांना सरावासाठीं चेंडू टाकीत. त्या डाव्या हाताची करामत पाहून हिंदु खेळाडूंना त्यांची गरज भासली, आणि पुष्कळ वादानंतर ते संघांत आले. मैदानांत एकाच चेंडूला सर्वांचे हात लागत. चहाच्या वेळीं मात्र बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या पात्रांत येई. स्पर्श विटाळतो असें मानणाऱ्यांस चेंडूचा विटाळ कसा होत नसे, हें कोडें शास्त्रानें नव्हे, तर विजयाच्या इच्छेनें सोडविलें होतें!

1906 सालीं मुंबईंत हिंदूंनीं युरोपियनांचा 109 धावांनीं पराभव केला. 1911 च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत बाळूंनीं सर्व सामने मिळून 114 गडी बाद केले. प्रेक्षकांनीं आपला निकाल केव्हांच दिला होता. परंतु हिंदु संघाचें नायकत्व मंडळाच्या हातीं होतें, आणि तें बाळूंना कधींच मिळालें नाहीं. 1920 मध्यें तर त्यांना संघांतूनच वगळलें, आणि त्यांचे बंधु विठ्ठल यांना डावलून दुसऱ्यास कप्तान नेमलें. तेव्हां विठ्ठल आणि शिवराम या दोघां भावांनीं खेळण्याचें नाकारून आपलें गाऱ्हाणें जाहीर निवेदनानें लोकांपुढें मांडलें. अखेर तडजोड झाली, आणि बाळूंना उपकप्तानपद मिळालें. पुढें 1923 सालीं विठ्ठल कप्तान झाले, आणि त्याच वर्षीं त्यांच्या संघानें युरोपियनांना हरविलें.

यांत लोकमताचें सामर्थ्य दिसतें, तशी त्याची मर्यादाही दिसते. ते प्रेक्षक एकत्र बसत खरे, पण आपापल्या जमातीचा जय चिंतीत. ही स्पर्धाही पुढें 1946 सालीं बंद पडली. गुणांचा गौरव त्यांनीं टाळ्यांनीं तत्काळ केला. पण तो गौरव मंडळाच्या खोलींत पोहोंचण्यास 1906 पासून 17 वर्षें लागलीं. तोंवर बाळूंची खेळण्याची उमेद सरली होती. थोरल्याचें ऋण धाकट्यास फेडलें गेलें. अशा फेडीस न्याय म्हणावा कीं नुसती उपरति, हें वाचकांनींच ठरवावें.