पिकअप आणि नवखे हात

जुनी गाडी पुन्हा चालती करण्याचा छंद अमेरिकेत खोलवर रुजला आहे. पाना कधी हातात न धरलेला माणूस या छंदात उतरतो तेव्हा त्याची सुरुवात पुष्कळदा घरच्या जुन्या पिकअपपासून होते. आजोबांनी शेतासाठी घेतलेली आणि पुढे गोठ्यामागे वर्षानुवर्षं उभी राहिलेली एखादी शेव्हर्ले किंवा फोर्ड. गाडी घरचीच, तिच्याशी आठवणी जोडलेल्या, शिवाय बिघडली तरी फारसं नुकसान नाही, म्हणून नवखा तिच्याकडे वळतो, असं सहसा सांगितलं जातं. हे कारण खोटं नाही, पण अपुरं आहे. पिकअप नवख्याला साधते, कारण ती मुळात नवख्यांनीच घडवली. आणि पुढची कित्येक वर्षं कारखान्यांनी ती बनवली तीही घरी दुरुस्ती करणारा गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून.

फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये बाजारात आली आणि १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटी गाड्या तयार झाल्या. ती प्रवासाची मोटार होती, पण शेतकऱ्यांनी तिला तेवढ्यावर ठेवलं नाही. रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच या दोन अभ्यासकांनी १९९६ च्या आपल्या निबंधात ग्रामीण अमेरिकेतल्या या उचापतींचा सविस्तर मागोवा घेतला आहे. मागचं चाक जॅकवर उचलायचं, त्याला पट्टा जोडायचा आणि त्यावर लाकूड कापायची करवत, मक्याचे दाणे काढायचं यंत्र, अगदी कपडे धुण्याचं यंत्रसुद्धा चालवायचं. कुणी मागची बैठक काढून तिथे फळ्यांचा हौदा ठोकला आणि दूध, धान्य, कोंबड्या बाजारात नेल्या. कंपनीने हे हेरलं ते बरंच उशिरा. एप्रिल १९२५ मध्ये फोर्डने पोलादी हौदा बसवलेली मॉडेल टी २८१ डॉलरला विकायला काढली आणि पहिल्याच वर्षी तिच्या सुमारे ३४,००० गाड्या खपल्या. मागचं फळकं उघडणारं, कडेला खांब रोवायला खोबण्या. शेतकऱ्याने घरी सुताराच्या हत्यारांनी जे केलं होतं, तेच कारखान्यात पत्र्याचं झालं.

हीच समज पुढे इंजिनातही दिसते. १९४७ च्या उन्हाळ्यात आलेल्या शेव्हर्लेच्या ‘अॅडव्हान्स डिझाइन’ मालिकेतल्या अर्धा टनी पिकअपमध्ये २१६ घन इंचाचं, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचं, एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं इंजिन होतं. त्याच्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंग बॅबिट या मऊ मिश्रधातूची असत आणि रॉडच्या दोन भागांच्या सांध्यात पत्र्याच्या पातळ शिमा घातलेल्या असत. बॅबिट झिजलं की इंजिन ठकठक करू लागे. मग गाडीखाली आडवं व्हायचं, तेल काढून चेंबर उतरवायचा, रॉडची खालची टोपी सोडवून एक शिम काढायची, बोल्ट पुन्हा आवळायचे आणि क्रँक मोकळा फिरतोय ना ते पाहायचं. इंजिन गाडीतून बाहेर काढावं लागत नसे, क्रँकशाफ्ट खरादावर न्यावा लागत नसे. हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा आणि सांध्यांवर पोलादी पट्ट्या. फळी कुजली की तेवढीच बदलायची. बॉनेट उचललं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात सहज जाईल एवढी मोकळी जागा. आज पहिल्यांदाच पान्याला हात लावणाऱ्याला ही गाडी समजते, कारण ती समजावी अशीच तिची रचना केली गेली.

यावर एक आक्षेप लगेच येईल: त्या काळच्या सगळ्याच मोटारी साध्या होत्या, मग पिकअपचं विशेष ते काय? शेव्हर्लेची मोटार आणि पिकअप यांचं इंजिन तर एकाच घराण्यातलं. पण फरक मोठा आहे. जनरल मोटर्सने मोटारीचं रूप दरवर्षी बदलण्याचा रिवाज पाडला. पिकअपचं हे रूप मात्र १९४७ पासून १९५५ च्या सुरुवातीपर्यंत बहुतांशी तेच राहिलं. त्यामुळे एका गाडीचा दरवाजा किंवा मडगार्ड दुसरीला बसवता येतो. मोटारींना पुढच्या चाकांचं स्वतंत्र सस्पेन्शन १९३४ पासून मिळू लागलं. शेव्हर्लेची पिकअप १९६० पर्यंत अखंड अॅक्सल आणि पाट्यांवरच चालत राहिली. ज्याला चिखलातून गाडी न्यायची आणि मोडली तर स्वतःच नीट करायची, त्याला नवेपणापेक्षा ओळखीचं यंत्र जास्त मोलाचं वाटत होतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शेतकरी दुरुस्ती करत होता तो नाइलाजाने. गॅरेज दूर, हातात पैसा कमी. आजचा छंदी माणूस मात्र हौसेने, वेळ आणि पैसे खर्चून करतो. मग दोघांना एका परंपरेत बसवणं हा भाबडेपणा नाही का? गरज आणि हौस यांतलं अंतर मला मान्य आहे. प्रदर्शनात मांडण्यासाठी आरशासारखा रंग चढवलेल्या पिकअपचं त्या शेताशी नातं उरत नाही, हेही खरं. पण नाइलाजाने केलेलं कामही ज्ञानच असतं. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने अमेरिकी शाळांतल्या शेतीशिक्षणाला सरकारी पैसा मिळाला आणि शेतावरच्या यंत्रदुरुस्तीला वर्गात जागा मिळाली. १९४२ च्या सुरुवातीला युद्धामुळे खासगी मोटारींचं उत्पादन थांबलं, टायरवर रेशनिंग आलं, तेव्हा त्या देशातल्या जुन्या गाड्या या हातांनीही चालत्या ठेवल्या. नवखा आज तेच ज्ञान उचलतो.

ते प्रामाणिकपणे उचलायचं, तर कामाचा क्रमही शेतकऱ्याचाच हवा: आधी थांबणं, मग चालणं, रंग सगळ्यात शेवटी. शेव्हर्लेच्या त्या पिकअपसारख्या गाड्यांच्या हायड्रॉलिक ब्रेकला एकच मास्टर सिलिंडर आणि एकच मार्ग असतो. एका चाकाशी गळती झाली की चारही ब्रेक जातात. वर्षानुवर्षं उभ्या गाडीतले रबरी होज आणि चाकांचे सिलिंडर बदलल्याशिवाय ती अंगणाबाहेर काढू नये. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ फुंकरीने किंवा हवेच्या झोताने उडवू नये.

या कथेचा एक धागा मुंबईत येतो. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. तिथून शेव्हर्ले मोटारी आणि ट्रक बाहेर पडत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, देशातच सुटे भाग बनवण्याची योजना नसलेल्या परदेशी कंपन्यांना इथून निघावं लागलं. कंपनी गेली तरी तिच्या गाड्या मागे राहिल्या. त्या चालत्या ठेवल्या गल्लीतल्या फिटरांनी आणि मालकांनी, जमेल तो भाग घडवून, जमेल तो दुसऱ्या गाडीचा बसवून.

म्हणूनच आपल्याकडचा एक नियम खटकतो. जुलै २०२१ च्या केंद्रीय दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळाली, आणि ते चांगलंच झालं. पण व्याख्येत दुचाकी आणि खासगी प्रवासी चारचाकी एवढंच बसतं; माल वाहण्यासाठी बनलेल्या गाडीला त्यात जागा नाही. शिवाय चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. संस्थानिकाची मोटार जपली जावी, यात वादच नाही. भाजी, ऊस, मासळी वाहिलेली, दहा हातांनी दुरुस्त झालेली हौद्याची गाडीही त्याच मानाने जपली जावी. परिवहन मंत्रालयाने ही व्याख्या मालवाहू गाड्यांपर्यंत वाढवावी, आणि काळाला धरून झालेली जुनी दुरुस्ती हा दोष न मानता गाडीच्या इतिहासाचा भाग मानावा.