गलबतांची डागडुजी आणि रयतेचीं झाडें

चांदूर रेल्वेच्या कापसाच्या मुलुखांतून समुद्र फार दूर. त्यामुळें जुन्या दप्तरांत आरमाराकडील एखादा कागद निघाला, तर संग्राहक तो सहसा बाजूस सारतो. हें योग्य नव्हे, असें आमचें मत आहे.

लांकडी गलबत लहान असो वा मोठें, तें सतत दुरुस्ती मागतें. पावसाळ्यांत आडोशास ठेवावें. पुन्हां दर्यांत लोटण्यापूर्वीं फळ्यांच्या सांध्यांत राळ लावलेला कापूस भरावा. कुजलेली फळी, तडकलेली डोलकाठी बदलावी. म्हणजे डागडुजीचा प्रश्न अखेर लांकडाचा.

रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र (सुमारें इ. स. १७१५) याविषयीं स्पष्ट आहे. सागवान हुजूरच्या परवानगीनें अरण्यांतून तोडावें. अधिक लागेल तें परमुलुखांतून विकत आणावें. आंब्याफणसाचें लांकूडहि उपयोगाचें. परंतु रयतेनें तीं झाडें लेकरांप्रमाणें वाढविलेलीं, म्हणून त्यांस हात लावूं नये. एखादें जीर्ण झाड घेणेंच झाल्यास धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें.

आरमाराचा इतिहास बहुधा लढायांचा लिहिला जातो. राज्याची नीति मात्र या लांकडाच्या हिशेबांत दिसते. सबब वऱ्हाडांतील संग्राहकांनीं फळ्या, राळ, काथ्या यांच्या याद्या रद्दींत टाकूं नयेत, एवढीच आमची विनंति.