गयेच्या नावाचा डोंगर

माझ्या वडिलांच्या पिढीला कोरियाचे नाव कळले ते लढाईच्या बातम्यांतून. १९५३ साली युद्धविराम झाला, तेव्हा मायदेशी परत जाण्यास नाखूश असलेल्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांना तटस्थपणे सांभाळण्याचे काम भारताकडे आले. त्या भारतीय दलाचे प्रमुख मेजर जनरल शं. पां. थोरात हे आपल्याच मराठी मुलखातले. दोन सैन्यांमधल्या ओसाड पट्ट्यात आपल्या जवानांनी 'हिंद नगर' नावाची छावणी वसवली होती. आजच्या मुलामुलींना तोच कोरिया मालिकांमुळे, गाण्यांमुळे आणि हातातल्या फोनमुळे ओळखीचा आहे. पण या दोहोंहून जुना असा आणखी एक कोरिया डोंगरात आहे, आणि त्याच्यापाशी आपली एक ठेव आहे. ती पाहण्यात मी एक दिवस घालवला. त्या दिवसाची ही हकीकत.

माझा भाचा देगू या शहरातल्या एका विद्यापीठात संशोधन करतो. ऑक्टोबर सरत आला होता. सकाळी आम्ही बसमध्ये बसलो आणि दीड तासाच्या आतबाहेर डोंगराच्या पायथ्याशी आलो. वाटेत भाताची कापणी झालेली खाचरे होती. आपल्या कोकणात पेंढ्याच्या उडव्या रचतात, इथे त्याच पेंढ्याचे मोठाले गठ्ठे पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून शेतात ठेवले होते. घराघरापुढे पर्सिमनची झाडे होती. पाने गळून गेलेली आणि केशरी फळे तेवढी फांद्यांना लटकलेली. दुरून पाहिले तर दिवाळीचे आकाशकंदील कोणी झाडाला टांगले आहेत असे वाटावे.

डोंगराचे नाव गायासान. 'सान' म्हणजे डोंगर. 'गाया'चा संबंध काही जण आपल्या बुद्धगयेशी जोडतात. याच प्रदेशात प्राचीन काळी गाया नावाची छोटी राज्ये होती, त्यांच्याशीही तो जोडला जातो. या डोंगराच्या कुशीत गेली बाराशे वर्षे बुद्धाचा पाठ चालू आहे, तेव्हा गयेचे नाव त्याला शोभते खरे. शिखरांची उंची १,४३० मीटरांच्या आसपास, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षा थोडी अधिक.

मंदिरापर्यंत बस जाते. पण आम्ही अलीकडेच उतरलो आणि ओढ्याच्या काठाने जाणारी सहा-सात किलोमीटरांची पायवाट धरली. या दरीचे नाव होंग्न्युदोंग, म्हणजे तांबड्या प्रवाहाची दरी. शरदात मेपलची पाने इतकी लाल होतात की त्यांच्या प्रतिबिंबाने पाणीच तांबडे दिसते, म्हणून हे नाव. खडकांवरून पाणी सतत आपटत असते आणि शेजारी चालणाऱ्या माणसाशीही मोठ्याने बोलावे लागते. "मामा, या वाटेचं नावच 'सोरी-गिल' आहे," भाचा ओरडून म्हणाला, "आवाजाची वाट!"

अर्ध्या वाटेत ओढ्याकाठी एक छोटा लाकडी मंडप लागला. छ्वे छी-वन या विद्वानाची ती आठवण. हा सिल्ला राज्यातला माणूस, जन्म ८५७ सालचा. बारा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला शिकण्यासाठी चीनला पाठवले. अठराव्या वर्षी तो तिथली राजपरीक्षा उत्तीर्ण झाला आणि ८८५ साली स्वदेशी परतला. राज्य तेव्हा खिळखिळे झाले होते. ८९४ साली त्याने राणीपुढे सुधारणांची दहा कलमे ठेवली. ती कागदावरच राहिली. मग हा शहाणा माणूस बायकामुलांसह या डोंगरात येऊन राहिला. एके दिवशी आपली टोपी आणि पादत्राणे रानात ठेवून तो नाहीसा झाला, असे लोक सांगतात. राज्य पुढे काही दशकांतच बुडाले. ज्या दरबाराने त्याचे ऐकले नाही त्यातल्या कोणाचे नाव आज तिथल्या पोरासोरांना ठाऊक नसेल, पण त्याच्या मंडपात बसून लोक फराळ करतात.

पायथ्याच्या गावात आम्हीही जेवलो. एका आजींचे खाणावळवजा दुकान होते. वाडग्यात भात आणि वर डोंगरातल्या पाचसहा रानभाज्या, सोबत आंबवलेल्या कोबीची किमची. श्रावणात आपल्याकडे जशी रानभाज्यांची नावे एकमेकींना विचारत बायका बाजारात फिरतात, तशी भाच्याने आजींना एकेका भाजीची नावे विचारली. पाहुणा हिंदुस्थानातून आला आहे असे कळताच आजींनी हात जोडले आणि भाच्याला काहीतरी सांगितले. "त्या म्हणतात, बुद्धाच्या गावचा माणूस आला, भात आणखी घ्या." मी नाशिककडचा, पण तेवढ्यापुरता गयावळ झालो आणि भात घेतला.

मंदिराचे नाव हेइन्सा. ८०२ साली चीनहून शिकून आलेल्या दोन भिक्षूंनी ते स्थापले. कोरियात तीन मंदिरे त्रिरत्नांची मानतात. एक बुद्धाचे, एक धर्माचे, एक संघाचे. हेइन्सा हे धर्माचे. दरवाजे ओलांडून, पायऱ्या चढून आपण वर वर जात राहतो. मुख्य मंदिर आले की आता सर्वांत उंच जागी पोहोचलो असे वाटते. पण त्याच्याही मागे, आणखी उंचावर, चार साध्या लाकडी इमारती आहेत. ज्या ठेवीचा वर उल्लेख केला ती तिथे आहे.

तिची कथा लढाईपासूनच सुरू होते. १०११ साली गोर्यो राज्यावर उत्तरेकडून खितान लोकांची स्वारी आली असता बौद्ध त्रिपिटकाचा समग्र संग्रह लाकडी फळ्यांवर कोरण्याचे काम सुरू झाले. त्या पुण्याईने शत्रू हटेल ही श्रद्धा. सत्तरहून अधिक वर्षांनी ते पुरे झाले आणि फळ्या देगूजवळच्या एका मंदिरात ठेवल्या गेल्या. १२३२ साली मोंगलांनी त्या जाळल्या. राजा आणि दरबार तेव्हा गांग्ह्वा नावाच्या बेटावर आश्रयाला गेला होता. राज्य पळत होते, गावे जळत होती, आणि अशा वेळी त्यांनी ठरवले की सगळा संग्रह पुन्हा पहिल्यापासून कोरायचा! १२५१ साली तो पूर्ण झाला. मोंगल काही त्याने हटले नाहीत आणि अखेर दरबाराला त्यांचे वर्चस्व मान्य करावे लागले. ज्या कारणासाठी फळ्या कोरल्या ते कारण फसले, फळ्या मात्र उरल्या. १३९८ साली त्या बेटावरून हलवल्या आणि या डोंगरात आल्या.

फळ्यांची संख्या ८१,२५८ अशी सांगतात. एकेक फळी सुमारे ७० सेंटिमीटर लांब, २४ सेंटिमीटर रुंद आणि तीन-साडेतीन किलो वजनाची. दोन्ही बाजूंना तेवीस-तेवीस ओळी, ओळीत चौदा अक्षरे, आणि तीही छापण्यासाठी उलटी कोरलेली. लाकूड बहुतेक रानचेरीचे आणि रानपेरचे. ते मिठाच्या पाण्यात उकळून सावलीत सुकवायचे आणि मग कोरायचे. फळीच्या दोन्ही टोकांना फळीहून जाड पट्ट्या बसवल्या आहेत, म्हणजे फळी वाकत नाही आणि शेजारशेजारी उभ्या केल्यावरही दोन फळ्यांमध्ये वारा खेळायला फट राहते. एकेक अक्षर कोरताना तीनदा दंडवत घालीत, अशी आख्यायिका आहे. दंडवतांचा हिशेब मी केला नाही, पण गजांतून जी अक्षरे दिसली ती सगळी एकाच हाताने कोरल्यासारखी होती.

इमारतींमध्ये सोन्याचा कळस नाही, रंगीत नक्षी नाही. लांब दालने, मातीची जमीन, लाकडी गजांच्या खिडक्या. पण या खिडक्यांतच सगळे शहाणपण आहे. पुढच्या भिंतीत खालच्या खिडक्या मोठ्या आणि वरच्या लहान, मागच्या भिंतीत नेमके उलट. त्यामुळे वारा खालून आत येतो, फळ्यांमधून फिरतो आणि मागून वर निघून जातो. जमिनीत कोळसा, मीठ, चुना आणि वाळू यांचे थर आहेत. पावसाळ्यात जमीन ओल शोषते, कोरड्या दिवसांत सोडते. या इमारती पंधराव्या शतकातल्या. १८१७ साली लागलेल्या आगीत मंदिराच्या बहुतेक वास्तू भस्म झाल्या, ही दालने वाचली. १९९५ साली 'युनेस्को'ने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्यातल्या एका दालनाचे नाव आहे सुदाराजांग. 'सुदारा' म्हणजे आपले 'सूत्र'. दीड हजार वर्षांत चीनच्या वाटेने आलेला आपला शब्द तिथे दाराच्या पाटीवर बसला आहे.

भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली. १९७० च्या दशकात सरकारने या फळ्यांसाठी आधुनिक, यंत्रांनी हवा राखणारी नवी इमारत बांधली. काही फळ्या नमुन्यादाखल तिथे ठेवून पाहिल्या, तर त्यांना बुरशी येऊ लागली. फळ्या मुकाट्याने जुन्या घरी परत आल्या. नव्या इमारतीत आता भिक्षू ध्यानाला बसतात.

पण सर्वांत मोठे संकट १९५१ साली आले. उत्तरेच्या सैन्याच्या मागे राहिलेल्या शेकडो सैनिकांनी या डोंगराचा आश्रय घेतला होता. विमानांना बॉम्ब टाकण्याचा हुकूम झाला. तुकडीचे प्रमुख होते किम यंग-ह्वान. खाली हेइन्सा दिसताच त्यांनी आपल्या वैमानिकांना मंदिरावर बॉम्ब टाकण्यास मनाई केली. युद्धात हुकूम मोडणे म्हणजे काय, हे सांगायला नको. वरिष्ठांपुढे त्यांना जाब द्यावा लागला. १९५४ साली विमान अपघातात ते गेले. २०१० साली देशाने त्यांना मरणोत्तर सन्मान दिला. मंदिराच्या वाटेवर त्यांच्या नावाचा दगड आहे. आम्ही दोघे तिथे थोडा वेळ उभे राहिलो.

"मामा, आता काळजी नाही," भाचा म्हणाला. "हे सगळं विसाव्या शतकाच्या अखेरीसच संगणकात उतरवलंय. फळ्या उद्या जळल्या तरी शब्द राहतील."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. १२३२ साली पहिला संग्रह जळला, तरी दुसरा कोरता आला तो कशामुळे? पहिल्याचे छाप आणि चीनमधल्या व खितानांच्या प्रती शिल्लक होत्या म्हणून. सुगी नावाच्या भिक्षूने त्या तिन्ही पाठांची शब्दाशब्दाने तुलना करून चुका दुरुस्त केल्या. त्याने पाठ इतका शुद्ध केला की १९२४ ते १९३४ या काळात जपानात त्रिपिटकाची प्रसिद्ध आवृत्ती छापली गेली, तेव्हा तिला याच फळ्यांचा आधार घेतला गेला.

पण माझे मन दुसरीकडे गेले होते. अश्वघोषाचे 'बुद्धचरित' हे आपले काव्य. त्याचे सर्ग अठ्ठावीस. संस्कृतात आज सुमारे पहिले चौदाच मिळतात. बुद्धाला ज्ञान झाले तिथेच आपली पोथी संपते. त्याने दिलेला उपदेश, त्याचे महापरिनिर्वाण हे सगळे वाचायचे तर तिबेटी किंवा चिनी भाषांतराकडे जावे लागते, आणि ते चिनी भाषांतर या फळ्यांवर कोरलेले आहे. म्हणजे आमच्याच काव्याचा उत्तरार्ध आमच्यापासून हजारो कोसांवर, गयेच्या नावाच्या डोंगरात, परक्या लिपीत उभा होता.

आमच्याकडचा का गेला? नालंदा जळाले हे उत्तर आपल्याला लगेच सुचते, आणि त्यात तथ्य आहे. पण पोथी नाहीशी व्हायला दर वेळी शत्रूच लागतो असे नाही. भूर्जपत्र असो, ताडपत्र असो, काही शतकांत ते किडते, तुटते. त्याआधी कोणीतरी बसून नक्कल करावी लागते. नक्कल करणारा एक पिढीभर थांबला की पुरे. आग लागत नाही, आरडाओरडा होत नाही, ग्रंथ नाहीसा झाला हे कोणाला कळतही नाही. आमचे धर्मानंद कोसंबी बुद्धवचनाच्या शोधात गोव्याहून निघाले ते सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेशापर्यंत पायपीट करीत गेले. जे या देशात जन्मले ते शिकायला त्यांना समुद्र ओलांडावा लागला, यातच सगळे आले.

मी भाच्याला एवढेच म्हणालो, "संगणकात उतरलं हे फार चांगलं झालं. पण संगणकही जुने होतात ना? दर काही वर्षांनी ते नव्यात उतरवायला कोणीतरी बसायला हवं."

"हो, बसावंच लागतं," तो म्हणाला, आणि हसला.

संध्याकाळी आम्ही परतीच्या बसकडे निघालो तेव्हा भिक्षूंनी मोठा नगारा वाजवायला घेतला. नगारा भूचरांसाठी, लाकडी मासा जलचरांसाठी, ढगाच्या आकाराची तबकडी पाखरांसाठी आणि घंटा नरकातल्या जिवांसाठी. वाजवणारे तरुण भिक्षू आळीपाळीने पुढे येत होते. एकाचे हात थकले की नाद न तुटता दुसरा काठ्या हाती घेई. बाजूला त्यांच्याहून लहान असे दोघे नुसते पाहत उभे होते. तेही शिकतच होते म्हणायचे.

दिवाळीच्या साफसफाईत पुष्कळ घरांत माळ्यावरून लाल बासनात बांधलेली एखादी पोथी खाली येते, झटकली जाते आणि पुन्हा वर जाते. यंदा ती वर ठेवण्याआधी बासन सोडावे. पाने मोजावीत, कोणती गळाली आहेत ते पाहावे, आणि घरात ज्याचे अक्षर चांगले असेल त्याला चार ओळी उतरवून घ्यायला सांगाव्यात.