टेस्को क्लबकार्ड

टेस्को या ब्रिटिश किराणा कंपनीने १९९५ मध्ये सुरू केलेली लॉयल्टी कार्ड योजना. खरेदीच्या प्रमाणात ग्राहकाला पॉइंट व त्यांवर सवलतीची कूपने मिळतात. कंपनीला त्या ग्राहकाच्या घरच्या खरेदीची सलग नोंद मिळते. ग्राहकांच्या नोंदींचे विश्लेषण करून व्यवसाय वाढविण्याचे किरकोळ व्यापारातील हे एक प्रमुख उदाहरण होय.

पूर्वपीठिका : बारकोडमुळे कोणता माल किती खपला हे दुकानाला समजे; तो कोणी नेला हे समजत नसे. खरेदीवर तिकिटे देणारी ग्रीन शील्ड स्टँप्स ही योजना टेस्कोने १९७७ मध्ये सोडली होती. तिच्यातही घरोघरच्या खरेदीची नोंद राहत नसे. १९९३ पासून निवडक दुकानांत कार्डाची चाचणी झाली. नोंदींचा अर्थ लावण्याचे काम एडविना डन व क्लाइव्ह हंबी या दांपत्याच्या डनहंबी (स्थापना १९८९) या कंपनीकडे आले. त्यांचे निष्कर्ष ऐकून, तीस वर्षांत आपल्याला ग्राहकांविषयी जे उमगले नाही ते यांना तीन महिन्यांत उमगले, अशा अर्थाचे उद्गार टेस्कोचे अध्यक्ष इयन मॅकलॉरिन यांनी काढल्याचे सांगितले जाते. १३ फेब्रुवारी १९९५ रोजी योजना देशभर लागू झाली.

कार्यपद्धती : आरंभी संगणकांची क्षमता तोकडी असल्याने सर्व नोंदींऐवजी सुमारे एक दशांश नमुना तपासला जाई. शेवटची खरेदी केव्हा झाली, ग्राहक किती वेळा येतो आणि किती खर्च करतो, या तीन मापांनी पहिली वर्गवारी झाली. पुढे वस्तूंनाच गुणधर्म जोडण्यात आले : स्वस्त की महाग, ताजी की डबाबंद, शिजवायची की तयार. टोपलीत कोणत्या गुणधर्मांच्या वस्तू वरचेवर येतात यावरून घराची राहणी ठरविली जाई. वय वा उत्पन्न यांपेक्षा ही कसोटी अधिक उपयोगी ठरली.

या कसोटीचा उपयोग किमती ठरविताना स्पष्ट दिसतो. ॲस्डा या स्वस्त दराच्या स्पर्धकाला तोंड देताना केळ्यांसारख्या, सर्वच ग्राहक घेतात अशा वस्तूचा भाव उतरविला, तर ज्यांना भावाची फिकीर नाही त्यांनाही सूट मिळून नफा घटतो. म्हणून काटकसरी घरेच प्रामुख्याने घेतात अशा वस्तू शोधून त्यांचे भाव उतरविण्यात आले. स्वस्त ‘व्हॅल्यू’ मालिकेतील मार्गारीन हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. दर तीन महिन्यांनी टपालाने जाणाऱ्या हिशेबपत्रकातील कूपनेही घरागणिक वेगळी असत : काही नेहमीच्या वस्तूंची, काही अद्याप न घेतलेल्या वस्तूंची.

परिणाम : १९९५ मध्येच टेस्कोने सेन्सबरीला मागे टाकून ब्रिटनच्या किराणा बाजारात पहिले स्थान मिळविले. त्याचे श्रेय कार्डाला किती, याविषयी मतभेद आहेत. नवी दुकाने व १९९४ मध्ये विकत घेतलेली विल्यम लो ही स्कॉटिश साखळी यांचाही त्यात वाटा होता. सेन्सबरीने १९९६ मध्ये स्वतःचे कार्ड काढले. टेस्कोने २००१ मध्ये डनहंबीचे निम्म्याहून अधिक भागभांडवल घेतले. २००३ मध्ये डनहंबीने अमेरिकेतील क्रोगर या किराणा साखळीबरोबर संयुक्त कंपनी स्थापन केली.



मर्यादा : खासगी माहितीच्या वापरावर आक्षेप घेतले गेले आहेत. २०१९ पासून कार्डधारकांसाठी वेगळे भाव लागू झाले. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने २०२४ मध्ये विविध दुकानांतील अशा सुमारे ५०,००० वस्तू तपासल्या. ९२ टक्के वस्तूंवरील सवलत खरी आढळली.

मूल्यमापन : अमेरिकेतील ‘फ्रेश अँड ईझी’ ही टेस्कोची साखळी २००७ मध्ये कार्डाविना सुरू झाली आणि २०१३ मध्ये तोट्यात सोडून द्यावी लागली. मात्र केवळ कार्ड असल्यानेही वाढ होत नाही. किंमत, माल आणि टपाल या तिन्ही बाबतींत नोंदींनुसार निर्णय बदलण्याची व्यवस्थापनाची तयारी हेच क्लबकार्डच्या यशाचे मुख्य कारण होय.