बंगळूर : तळ्यांकडून नळाकडे

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच पठारावर वसले आहे. शहराजवळ मोठी बारमाही नदी नाही. म्हणून पूर्वीच्या लोकांनी उतारावर बांध घालून पावसाचे पाणी तळ्यांत अडवले. एक तळे भरले की सांडव्याचे पाणी खालच्या तळ्यात जाई. आसपासच्या विहिरींनाही त्यामुळे पाणी राही.

१८९६ मध्ये हेसरघट्टा जलाशयाचे पाणी नळाने शहरात आले. १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयाची भर पडली आणि १९७४ पासून कावेरीचे पाणी मिळू लागले. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, जवळपास ५०० मीटर उंच चढवून आणावे लागते. म्हणजे येथील प्रत्येक बादलीत विजेचा मोठा खर्च असतो.

नळ दारात आल्यावर तळी कुणाचीच उरली नाहीत. धर्मांबुधी तळ्याच्या जागी बस स्थानक झाले, संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण. तळी जोडणाऱ्या ओढ्यांचे सांडपाण्याचे नाले झाले, कित्येक ठिकाणी त्यांवर इमारती उठल्या. २०२२ च्या पावसाळ्यात शहराच्या पूर्व भागात घरांत पाणी शिरले. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या व टँकरसाठी धावाधाव झाली. पूर आणि टंचाई ही दोन संकटे वेगळी वाटतात, पण पाणी अडवण्याची व वाहून नेण्याची जागा गमावणे हे दोन्हींमागचे एक समान कारण आहे.

पंपाची क्षमता अभियंता काढून देतो. तळे राखायचे की नाही, हे मात्र नागरिकांनाच ठरवावे लागते. आपल्या गावातील जुने तळे आज कुठे आहे, हे विद्यार्थ्यांनी शोधून पाहावे.