मैदान कुणाचं? मेक्सिको १९६८ आणि तीन विद्यापीठं

आजचा विषय आहे विद्यापीठ आणि खेळाडू. विद्यापीठ खेळाडूला मदत करतं, म्हणजे काय करतं? मैदान देतं, प्रशिक्षक देतं, शिष्यवृत्ती देतं, हजेरीत सवलत देतं. मोठी स्पर्धा शहरात आली की आपलं स्टेडियम आणि वसतिगृहं उघडून देतं. ही मदत मोलाचीच आहे. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा ब्राँझपदक घेऊन परत आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

मला आज त्याच्या पुढचा प्रश्न विचारायचा आहे. खेळाडू जिंकतोय तोवर त्याच्या पाठीशी उभं राहणं सोपं असतं. तोच खेळाडू, किंवा त्याच्याच वर्गातला विद्यार्थी, उद्या गैरसोयीचं बोलू लागला तर विद्यापीठाने काय करायचं? या प्रश्नाची तीन उत्तरं एकाच वर्षी, एकाच मैदानाभोवती मिळाली. वर्ष १९६८, गाव मेक्सिको सिटी.

आधी मैदानाबद्दल. त्या ऑलिम्पिकचं मुख्य स्टेडियम सरकारचं नव्हतं, ते मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाचं होतं. शहराच्या दक्षिणेला लाव्हाच्या जुन्या खडकाळ माळावर या विद्यापीठाने नवं संकुल उभारलं आणि १९५२ मध्ये तिथे हे स्टेडियम सुरू झालं. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर दिएगो रिव्हेरा यांचं रंगीत दगडांतलं शिल्पचित्र आहे. सोळा वर्षांनी जगातले धावपटू तिथे धावणार होते.

विद्यापीठाच्या नावात ‘स्वायत्त’ हा शब्द आहे आणि तो नुसता शोभेचा नाही. १९२९ मध्ये विद्यार्थ्यांनी चळवळ करून ती स्वायत्तता मिळवली होती. १९६८ च्या जुलैमध्ये पोलीस आणि विद्यार्थी यांच्यात चकमकी सुरू झाल्या. ३० जुलैला लष्कराने विद्यापीठाच्या एका जुन्या शाळेचा कोरीव दरवाजा बाझुकाने उडवला. कुलगुरू होते हावियर बारोस सिएरा, पेशाने अभियंता. त्यांनी विद्यापीठाचा ध्वज अर्ध्यावर उतरवला आणि १ ऑगस्टला हजारो विद्यार्थ्यांच्या मोर्च्याच्या पुढे स्वतः चालले. कुलगुरूंनी मोर्च्याच्या पुढे चालायचं, ही गोष्ट आपल्याला जरा अवघडच वाटते, नाही का?

सरकारला ऑलिम्पिकच्या आधी सगळं शांत हवं होतं. १८ सप्टेंबरला लष्कर विद्यापीठात घुसलं. कुलगुरूंनी निषेध केला, काही दिवसांनी राजीनामा दिला, पण विद्यापीठाच्या नियामक मंडळाने तो स्वीकारला नाही. महिनाअखेर सैन्य बाहेर पडलं. २ ऑक्टोबरला त्लातेलोल्को चौकातल्या सभेवर गोळीबार झाला. किती जण मेले, यावर आजही एकमत नाही. आणि दहाच दिवसांनी, १२ ऑक्टोबरला, त्याच विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये ऑलिम्पिकचं उद्घाटन झालं. एन्रिकेता बासिलिओ हिने ज्योत पेटवली. ऑलिम्पिकची ज्योत पेटवणारी ती पहिली स्त्री. म्हणजे मैदान विद्यापीठाचं, सोहळा सरकारचा, आणि विद्यापीठाची कित्येक मुलं तुरुंगात.

दुसरं विद्यापीठ कॅलिफोर्नियातलं, सॅन होजे स्टेट. तेव्हा ते कॉलेज म्हणवलं जाई. तिथल्या बड विंटर या प्रशिक्षकांनी दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना शरीर सैल सोडायला शिकवलं होतं. तेच तंत्र ते धावपटूंना शिकवत. त्यांच्या हाताखालून इतके वेगवान धावपटू निघाले, की त्या कॉलेजला ‘स्पीड सिटी’ म्हणू लागले. टॉमी स्मिथ, जॉन कार्लोस, ली इव्हान्स हे तिघंही तिथलेच.

पण वेगाने धावणाऱ्या या कृष्णवर्णीय मुलांना गावात भाड्याने खोली मिळत नसे. तिथे समाजशास्त्र शिकवणारे हॅरी एडवर्ड्स, जे स्वतः त्याच कॉलेजचे खेळाडू होते, त्यांनी १९६७ मध्ये आंदोलन उभं केलं. कॉलेजचे अध्यक्ष रॉबर्ट क्लार्क यांनी हंगामातला पहिला फुटबॉल सामना रद्द केला. गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यांच्यावर टीका केली. १६ ऑक्टोबर १९६८ ला स्मिथने २०० मीटरची शर्यत १९.८३ सेकंदांत, विश्वविक्रमासह जिंकली. कार्लोस तिसरा आला. दोघांनी पदक घेताना काळे हातमोजे घातलेल्या मुठी उंचावल्या. दुसरा आलेला ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन त्यांच्याच चळवळीचा बिल्ला लावून शेजारी उभा होता. स्मिथ आणि कार्लोस यांना संघातून काढून घरी पाठवलं. तेव्हा क्लार्क यांनी जाहीरपणे त्यांची बाजू घेतली.

तिसरं विद्यापीठ टेक्सासमधल्या एल पासोचं. ब्रिगहॅम यंग विद्यापीठ ज्या चर्चचं आहे, त्याची कृष्णवर्णीयांबद्दलची भूमिका मान्य नाही, म्हणून एल पासोच्या काही कृष्णवर्णीय खेळाडूंनी १९६८ च्या वसंतात त्या विद्यापीठाविरुद्ध उतरायला नकार दिला. त्यांना संघातून काढलं. त्यांत बॉब बीमन होता. त्याला प्रशिक्षक उरला नाही, तेव्हा राल्फ बॉस्टन या त्याच्याच प्रतिस्पर्ध्याने त्याला मार्गदर्शन केलं. १८ ऑक्टोबरला बीमनने ८.९० मीटर लांब उडी मारली. जुना विक्रम एका उडीत ५५ सेंटीमीटरने मागे पडला. त्या उडीचं श्रेय विद्यापीठाला किती द्यायचं, ते तुम्हीच ठरवा.

कांटचं नाव घेतल्याशिवाय माझं व्याख्यान संपत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, असं तो सांगतो. ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा. विद्यापीठाला खेळाडूकडून नाव मिळतं, त्यात गैर काही नाही. क्लबही प्रशिक्षक देतो, सरकारही पैसे देतं. विद्यापीठाचं वेगळेपण एवढंच, की खेळाडू तिथे विद्यार्थी असतो, आणि विद्यार्थ्याने विचार करावा यासाठीच ती संस्था असते. ज्या वर्गात आपण त्याला प्रश्न विचारायला शिकवतो, त्याच वर्गातून उठून तो मैदानावर जातो. तिथे त्याने प्रश्न विचारला म्हणून त्याला काढायचं, तर आपण वर्गात काय शिकवलं?

आणि हा धडा एकदा शिकला की कायमचा राहतो, असंही नाही. सॅन होजे स्टेटने १९८८ मध्ये पुरुषांचा ॲथलेटिक्स संघच बंद केला. २००५ मध्ये तिथे स्मिथ आणि कार्लोस यांचा भव्य पुतळा उभा राहिला, दोघांना मानद डॉक्टरेट मिळाली. त्या दिवशी त्या विद्यापीठात पुरुष धावपटूंचा संघ नव्हता. तो पुन्हा सुरू करण्याची घोषणा व्हायला २०१६ साल उजाडलं. पुतळ्यात दुसऱ्या क्रमांकाची जागा नॉर्मनच्या इच्छेनुसार मोकळी आहे, कुणीही तिथे उभं राहावं म्हणून.

आपल्याकडेही आता विद्यापीठांतून खेळाडूंसाठी योजना होत आहेत, नवी मैदानं होत आहेत. चांगलंच आहे. फक्त त्या योजनेच्या कागदावर एक प्रश्न लिहून ठेवावा असं मला वाटतं: हा मुलगा उद्या हरला, जायबंदी झाला किंवा आपल्याला न आवडणारं बोलला, तरी तो आपला विद्यार्थी राहील का?

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.