वॉटर पंप : घाटात तापणारे इंजिन
गोव्याहून बेळगावला जाताना चोर्ला घाटात किंवा निपाणीजवळच्या तवंदी घाटात इंजिनावर भार वाढतो. वेग मंद असल्याने रेडिएटरला वाराही कमी मिळतो. अशा वेळी कूलंट खेळते ठेवणे हे वॉटर पंपाचे काम. त्यातील इम्पेलरची पाती गंजली वा झिजली, की प्रवाह मंदावतो आणि तापमानाचा काटा चढतो. पंपाखालील ओघळ व बेअरिंगची घरघर ही बिघाडाची लक्षणे होत. अधिक क्षमतेचा पंप बसवण्यापूर्वी रेडिएटर, थर्मोस्टॅट, पट्टा व पंखा तपासून घ्यावा. रेडिएटर तुंबलेला असल्यास नव्या पंपाचाही उपयोग होत नाही. इंजिन तापल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवून ते बंद करावे. गरम असताना रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये. दाबाखालील उकळते पाणी उसळून गंभीर भाजते.